मशीनच्या कंट्रोलला कुठलं कनेक्शन घ्यायचं? पॅरलल, यूएसबी, इथरनेट, आरएस-४८५ की इथरकॅट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या सीएनसी (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनींचा कंट्रोल काढून नवीन बसवायचं काम, म्हणजे लाकडाचे राउटर, प्लाझ्मा, मिलिंग, मधूनच एखादं चार वर्षं ताडपत्रीखाली पडलेलं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मोठं मिलिंग मशीन). गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे त्या दिवशी फोन जास्त येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून इथे लिहून ठेवतोय. बहुतेक उदाहरणं स्टेपर (पल्सला एक पाऊल फिरणारी मोटर) किंवा सर्व्होवर (एनकोडर, म्हणजे जागा मोजणारा सेन्सर, बघून स्वतःला सावरणारी मोटर) चालणाऱ्या तीन-चार ॲक्सिसच्या, म्हणजे तीन-चार दिशांना हलणाऱ्या, मशीनची आहेत.

दादा, यूएसबी घेऊ का इथरनेट? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात उत्तर नाही देता येत, पण एक उलटा प्रश्न विचारतो. मोटरला जाणारे पल्स (विजेचे ठोके, एका ठोक्याला एक पाऊल) कोण बनवतंय? कॉम्प्युटर बनवतोय, मधलं कार्ड बनवतंय, की ड्राइव्हला (मोटर फिरवणाऱ्या डब्याला) नुसती पोझिशन सांगितली जातीय आणि बाकीचं तो स्वतः बघतोय? ह्याचं उत्तर मिळालं की केबल कुठली ते आपोआप ठरतं. लोक उलटं करतात, आधी केबल ठरवतात, सॉकेट बघून कार्ड आणतात आणि मग मशीन मधेच स्टेप का सोडतंय म्हणून फोन करतात.

कॉम्प्युटर स्वतः पल्स बनवत असेल तर केबलमध्ये जराही उशीर चालत नाही. कार्ड बनवत असेल तर कॉम्प्युटरने थोडं आधी सांगितलं तरी भागतं, किती आधी ते कार्डावर. आणि ड्राइव्हच हुशार असेल तर सगळ्या ड्राइव्हची घड्याळं एकत्र चालली पाहिजेत, ती वेगळीच गोष्ट. खालचं सगळं ह्याच तीन खोक्यांत बसतं.

पण पल्स असे लागतात तरी किती?

कागद घ्या. ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू, स्टेपर ड्राइव्ह १६०० पल्सला एक फेरी. म्हणजे १ मिमीला ३२० पल्स. राउटर मिनिटाला ६००० मिमी पळवायचाय म्हणजे सेकंदाला १०० मिमी, म्हणजे ३२,००० पल्स. मॅक३ (विंडोजवरचं सीएनसी सॉफ्टवेअर) पॅरलल पोर्टवर जे २५ किलोहर्ट्झचं डिफॉल्ट सेटिंग देतं ते इथेच कमी पडलं (ते वाढवता येतं पण कॉम्प्युटर झेपवेल तेवढंच). आर्डुइनो उनो ह्या छोट्या बोर्डवर चालणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर साधारण ३० किलोहर्ट्झपर्यंत जातं, तेही काठावरच.

आता त्याच स्क्रूला सर्व्हो लावा, १०,००० पल्सला एक फेरी ठेवा. १ मिमीला २००० पल्स, तोच वेग घ्यायचा तर २ लाख पल्स सेकंदाला. हे कॉम्प्युटरच्या पोर्टमधून कधीच निघणार नाही. ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअर रेशो बदलून पल्स कमी करता येतात, पण मग रिझोल्यूशन जातं, हातात पैसे मोजून घेतलेला सर्व्हो स्टेपरसारखा वापरायचा म्हणजे काय ते तुम्हीच बघा. आणि अजून एक, बऱ्याच सर्व्हो ड्राइव्हचं पल्स इनपुट ओपन कलेक्टरवर (एका वायरीचा सिग्नल) २०० किलोहर्ट्झ आणि डिफरन्शियल जोडणीवर (उलटसुलट जोडीचा सिग्नल) ५०० किलोहर्ट्झ घेतं, तेव्हा कार्डाचं आउटपुट कुठल्या प्रकारचं आहे ते विकत घ्यायच्या आधी बघा, नंतर नाही.

पॅरलल पोर्ट आता मेला ना?

मेला म्हणतात, पण आमच्या गल्लीतच दोन मशीनी त्याच्यावर रोज दोन शिफ्ट चालतात. २५ पिनांचा तो प्रिंटरचा सॉकेट, त्यात १२ आउटपुट आणि ५ इनपुट मिळतात, ५ व्होल्टचे. चार ॲक्सिसचे स्टेप-डिरेक्शन म्हणजे ८ गेले, राहिलेल्या चारात स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर), कूलंट, एनेबल. इनपुट पाचच, म्हणून तिन्ही लिमिट स्विच (ॲक्सिस टोकाला गेला की कळवणारे) सिरीजमध्ये एकाच पिनवर घ्यायची सवय तिथूनच लागली.

गुण एकच पण मोठा. मधे कोणी नाही. सॉफ्टवेअरने बिट लिहिला की पिन हलली. दोष पण तोच, कारण मग पल्स वेळेवर काढायची सगळी जबाबदारी कॉम्प्युटरवर. लिनक्ससीएनसीमध्ये (लिनक्सवरचं सीएनसी सॉफ्टवेअर) बेस थ्रेड, म्हणजे पल्स काढायचा फेरा, २५ मायक्रोसेकंदाला लावला तर कॉम्प्युटरला सेकंदाला ४० हजार वेळा हातातलं सगळं सोडून त्या पोर्टकडे बघावं लागतं. आणि ६४-बिट विंडोज असेल तर मॅक३चा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर चालतच नाही, त्यासाठी कोणी कितीही यूट्यूब दाखवू दे. ३२-बिटचं जुनं विंडोज नाहीतर लिनक्स.

नवीन काम असेल तर मी आता पॅरलल पोर्ट सुचवत नाही. पण चालू मशीन असेल तर त्याला हातही लावू नका.

माझा कॉम्प्युटर पॅरलल पोर्टला चालेल का हे कसं कळणार?

लिनक्ससीएनसीमध्ये लेटन्सी टेस्ट (कॉम्प्युटर किती उशीर करतो ते मोजणारी) आहे, ती चालवायची आणि वर कॉम्प्युटरला छळायचं, ब्राउझर उघडा, मोठी फाइल कॉपी करा, खिडक्या इकडून तिकडे ओढा, चहा पिऊन या. मॅक्स जिटर, म्हणजे वेळ जास्तीत जास्त किती हुकली ते, १५-२० मायक्रोसेकंदाच्या आत राहिला तर कॉम्प्युटर उत्तम. ३०-५० असेल तर चालेल पण वेग कमी मिळेल. १०० च्या पुढे गेला तर पॅरलल पोर्टचा नाद सोडा, कार्ड घ्या. टेस्ट आकडे नॅनोसेकंदात दाखवते त्यामुळे १८,००० बघून घाबरू नका, ते १८ मायक्रोसेकंद आहेत.

गंमत म्हणजे महाग कॉम्प्युटर इथे हमखास नापास होतो. आय७ लॅपटॉप वीज वाचवायच्या नादात मधेच डुलकी काढतो आणि कोणाच्या तरी माळ्यावरचा जुना ड्युअल कोअर डेस्कटॉप १२ मायक्रोसेकंदात पास. बायोसमध्ये वीज बचतीच्या सगळ्या गोष्टी आणि हायपरथ्रेडिंग बंद करून परत टेस्ट घ्या, बऱ्याचदा फरक पडतो.

यूएसबी-टू-पॅरलल केबल मिळते ना, ती लावली तर?

नाही. ती फक्त प्रिंटरसाठी असते. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानदार 'चालेल साहेब' म्हणून देईल, पण एकेक पिन हवी तेव्हा हलवणं त्या केबलला जमतच नाही. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो.

मग यूएसबी कंट्रोलर कसे काय चालतात? बाजारात तर तेच जास्त दिसतात.

चालतात कारण तिथे पल्स कॉम्प्युटर बनवतच नाही. यूएसबीचं असं आहे की कॉम्प्युटर विचारेल तेव्हाच समोरचा बोलणार, आणि विचारायचं वेळापत्रक जुन्या फुल स्पीडमध्ये १ मिलिसेकंदाचं, हाय स्पीडमध्ये १२५ मायक्रोसेकंदाचं. त्यात विंडोजला मधेच अपडेट आठवतो. म्हणून यूएसबी कार्ड कॉम्प्युटरकडून पुढच्या हालचाली आधीच मागवून पोटात साठवून ठेवतं आणि आपल्या घड्याळाने पल्स काढतं. तालुक्याच्या टाकीसारखं, पाणी सोडणारा अर्धा तास उशिरा आला तरी नळाला धार येते, जोपर्यंत टाकीत आहे तोपर्यंत.

जीआरबीएल हे त्याचं सगळ्यात साधं रूप. जीकोडच्या (मशीनच्या हुकमांच्या) ओळी १,१५,२०० बॉडने, म्हणजे सेकंदाला तेवढ्या बिटने, येतात, उनोच्या आत १२८ बाइटचा छोटा बफर, त्यातून पुढच्या १५-१६ हालचालींचं प्लॅनिंग. छोट्या राउटरला, लेझरला, शिकायला एकदम बेस्ट.

साठवण्याची किंमत पण आहे. तुम्ही फीड होल्ड (चालू हालचाल थांबवायचं बटण) दाबलात किंवा फीड ओव्हरराइड (वेग कमी-जास्त करायचा नॉब) फिरवलात तर ते कार्डात साठलेलं सोडून लगेच लागू होतं की साठा संपल्यावर, ते कार्ड कोणी कसं बनवलंय त्यावर. काही स्वस्त कार्डात बटण दाबल्यावर मशीन चांगलं पाऊण सेकंद पुढे जाताना मी बघितलंय. प्लाझ्मात टॉर्चची उंची चालू कटमध्ये बदलत राहावी लागते, ती सुधारणा कॉम्प्युटरमार्गे जात असेल तर असल्या उशिरात टॉर्च पत्र्यावर आपटतो. म्हणून लिनक्ससीएनसीवाले रिअल टाइम हालचालीसाठी यूएसबी वापरतच नाहीत. यूएसबीचा वेग कमी नाही, ४८० मेगाबिट काय कमी आहेत का, पण वेळेची हमी नाही.

स्पिंडल चालू केला की यूएसबी तुटतं. कार्ड खराब आहे का?

बहुतेक नाही, आणि ह्यावर मी स्वतः तीन दिवस घालवलेत म्हणून जरा सविस्तर सांगतो. फर्निचरवाल्याचा राउटर होता, यूएसबी कार्डाचा. सगळं मस्त चालायचं आणि दिवसातून दोन-तीनदा मधेच कनेक्शन गेलं, जॉब स्क्रॅप. मी कार्ड बदललं. कॉम्प्युटर बदलला. विंडोज परत टाकलं. चौथ्या दिवशी तिथला हेल्पर पोरगा म्हणाला, 'साहेब, तो भुसा ओढायचा पंखा चालू केला ना की जातं बघा.' तीन दिवस मी ज्या पंख्याखाली उभा होतो तो पंखा.

झालं असं होतं की पंख्याच्या कॉन्टॅक्टरची (मोठा स्विच) वायर आणि स्पिंडलच्या व्हीएफडीची (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) वायर, दोन्ही यूएसबी केबलच्या बरोबर एकाच ट्रेमधून गेलेल्या. त्यात यूएसबी केबल एक्स्टेन्शन जोडून ५ मीटरच्या पुढे नेलेली, जी यूएसबी २.० ची मर्यादाच आहे. व्हीएफडीची वायर साधी, शिल्ड नसलेली. आणि यूएसबीत कॉम्प्युटरची ग्राउंड आणि मशीनची ग्राउंड सरळ एकमेकींना जोडलेली असते, त्यामुळे पॅनलमधला सगळा कचरा त्या वाटेने कॉम्प्युटरमध्ये.

उपाय ह्या क्रमाने करा, फुकटातले आधी. केबल ट्रेमधून बाहेर काढा, पॉवरच्या वायरला ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा. केबल छोटी घ्या, एक्स्टेन्शन नको. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर सप्रेसर लावा, एसी कॉइलला आरसी स्नबर, २४ व्होल्ट डीसीला डायोड. व्हीएफडी ते स्पिंडल शिल्डेड वायर, शिल्ड व्हीएफडीच्या अर्थला नीट दाबून, शेपटीसारखं लांब वळवून नाही. एवढं करूनही जात असेल तर यूएसबी आयसोलेटर (दोन्हीकडची ग्राउंड वेगळी ठेवणारा). आणि सगळ्याच्या आधी न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये व्होल्टेज मोजा, दोन-तीनच्या वर दिसलं तर मला फोन नका करू, वायरमनला करा. अर्ध्या शेडमध्ये अर्थिंगची वायर असते पण ती खाली कशालाच लागलेली नसते.

इथरनेट मग का चांगलं म्हणतात?

दोन कारणं, आणि लोकांना पहिलंच माहीत असतं, वेग. खरं कारण दुसरं. इथरनेटच्या प्रत्येक सॉकेटच्या आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तांब्याने तांबं जोडलेलंच नसतं, आयसोलेशन १५०० व्होल्टचं. वरचा पंख्याचा किस्सा ज्या वाटेने झाला ती वाटच बंद. शिवाय १०० मीटर केबल चालते, म्हणजे कॉम्प्युटर भुशापासून लांब, काचेच्या केबिनमध्ये ठेवता येतो.

पण इथेही दोन जाती आहेत हे नीट समजून घ्या. एक, विंडोजवरची बफर असलेली इथरनेट कार्डं, मॅक३, मॅक४, यूसीसीएनसीबरोबर चालतात. ही यूएसबी कार्डाचीच भावंडं, फक्त केबल चांगली. बफर आहे म्हणजे साधं विंडोज चालतं.

दुसरी जात म्हणजे लिनक्ससीएनसीबरोबरची मेसा कंपनीची कार्डं. तिथे बफर नाही. दर मिलिसेकंदाला कॉम्प्युटर कार्डाला विचारतो, 'कुठे पोचलास?', कार्ड सांगतं, कॉम्प्युटर नवीन वेग देतो, आणि पल्स कार्डातला एफपीजीए (हवी तशी जोडणी करता येणारी चिप) काढतो. म्हणजे लूप खरोखर दर मिलिसेकंदाला बंद होतोय. टॉर्चची उंची, स्पिंडलला धरून थ्रेडिंग, प्रोबिंग (टोकाने स्पर्श करून माप घेणं), ह्या गोष्टी तिथे खुलतात. ७आय९६एस मध्ये ५ ॲक्सिस, ११ इनपुट, ६ आउटपुट मिळतात, साध्या राउटरला पुरून उरतं. टूल चेंजर वगैरे असेल तर ७आय७६ई, ३२ इनपुट, १६ आउटपुट. कार्ड बाहेरून मागवावं लागतं, कस्टमची ड्युटी धरूनच हिशोब करा.

मेसा कार्ड घेतलं पण मधेच एरर येतो आणि मशीन थांबतं.

कार्डाला ठरलेल्या वेळात निरोप मिळाला नाही की त्याचा वॉचडॉग सगळे आउटपुट बंद करतो. ते चांगलंच आहे, कॉम्प्युटर गोठला आणि मशीन पळतंय असं तरी होत नाही. पण सारखं होत असेल तर बघायच्या गोष्टी अशा.

कार्डासाठी वेगळं लॅन पोर्ट ठेवा, इंटरनेटचं वेगळं. मधे नेटवर्कचा स्विच किंवा राउटर काही नको, सरळ केबल. कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रीएम्प्ट-आरटीच, म्हणजे वेळ काटेकोर पाळणारा, हवा (२०२४ मध्ये लिनक्स ६.१२ पासून तो मूळ कर्नलमध्येच आलाय, आधी पॅच लावत बसावं लागायचं). नेटवर्क चिप इंटेलची असली तर निम्मा त्रास वाचतो, रिअलटेक असेल तर ड्रायव्हर बदलून बघावा लागतो. आणि इंटरप्ट कोअॅलेसिंग नावाचा प्रकार बंद करा, इथटूल ह्या कमांडने होतो. त्यात काय असतं तर नेटवर्क कार्ड चार पॅकेट जमले की मग प्रोसेसरला उठवतं, डाउनलोडला छान, आपल्याला घातक.

अजून एक खोड. कार्डाचा डिफॉल्ट पत्ता १९२.१६८.१.१२१ असतो आणि घरचा वायफाय राउटर पण बऱ्याचदा १९२.१६८.१ चाच असतो. दोन्ही एकाच कॉम्प्युटरला लागले की कॉम्प्युटर गोंधळतो, कार्ड कधी सापडतं कधी नाही. कार्डावरचा जंपर बदलून १०.१०.१०.१० करा, विषय संपला.

वायफायवर मशीन चालवता येईल का?

फाइल पाठवायला हो, बिनधास्त. हालचालीला नाही. कोणीतरी मधे उभं राहिलं म्हणून पॅकेट उशिरा पोचला हे कारण गिऱ्हाइकाला सांगून बघा.

व्हीएफडीला आरएस-४८५ ने जोडू का ०-१० व्होल्टने?

व्हीएफडीला मी शक्यतो आरएस-४८५ (दोन वायरींची सिरीयल जोडणी) वर मॉडबसच (त्या वायरींवर बोलायची भाषा) लावतो. ०-१० व्होल्ट सोपं आहे पण नॉइजमुळे १२,००० फेऱ्यांच्या ११,७०० दिसतात, आणि उलट माहिती काहीच येत नाही. मॉडबसवर करंट किती खातोय, ट्रिप कशाने झाला, खरंच वेग पकडला का हे वाचता येतं.

मॉडबस १९७९ चा, मोडिकॉन कंपनीने पीएलसीसाठी (कारखान्यातल्या कंट्रोलरसाठी) काढलेला, आणि अजून घट्ट आहे. दोन वायरी पिळलेल्या, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर (टर्मिनेटर), एका ओळीत जोडायचं, झाडासारख्या फांद्या काढायच्या नाहीत. कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जातं. ए आणि बी ची नावं प्रत्येक कंपनी आपल्या मनाने लावते, त्यामुळे बोलत नसेल तर सगळ्यात आधी दोन वायरी उलट करून बघा, त्याने काही जळत नाही. तिसरी, कॉमनची वायर पण न्या, लोक हमखास विसरतात. आणि बॉड, पॅरिटी, स्टॉप बिट, पत्ता, चारही दोन्हीकडे सारखे.

यूएसबी-टू-आरएस-४८५ डोंगल चालतो, पण त्यात एफटीडीआय चिप असेल तर तिचा लेटन्सी टायमर डिफॉल्ट १६ मिलिसेकंद असतो, तो १ करा, उत्तरं लगेच यायला लागतात.

मग सर्व्होलाही मॉडबस आहे, त्यानेच तिन्ही ॲक्सिस चालवले तर? वायरिंग किती वाचेल!

हिशोब करू. ९६०० बॉडला एक रजिस्टर (ड्राइव्हमधला एक आकडा) वाचायचं तर जायचे ८ बाइट, यायचे ७. पॅरिटी धरून बाइटला ११ बिट, म्हणजे १६५ बिट, १७ मिलिसेकंद. त्यात दोन निरोपांमधली साडेतीन अक्षरांची शांतता, ड्राइव्हला विचार करायला वेळ, धरा २५-३०. तीन सर्व्हो म्हणजे सगळ्यांना एकदा विचारून होईपर्यंत ८०-९० मिलिसेकंद. तेवढ्यात सेकंदाला १०० मिमीने पळणारा ॲक्सिस ९ मिमी पुढे गेलेला असेल. बॉड १,१५,२०० केला तरी तीन ॲक्सिस एकाच क्षणी हलवायची सोयच त्यात नाही, एकेकाला सांगत जायचं. तिरकी रेघ जिन्यासारखी येईल. कन्व्हेयर, इंडेक्सिंग टेबल, 'अमुक जागी जा आणि थांब' अशा कामाला मात्र मॉडबस सर्व्हो खुशाल वापरा, पॅकिंग मशीनवाले वापरतातच.

आमचं जुनं व्हीएमसी आरएस-२३२ वर प्रोग्रॅम घेतं. मोल्डच्या कामात झटके देत चालतं, सर्व्हो गेला का?

सर्व्होला हात लावू नका! ड्रिप फीडवर चालवताय का ते सांगा. मेमरी छोटी म्हणून प्रोग्रॅम ओळ-ओळ पाठवत कापायचं, तोच ड्रिप फीड. ९६०० बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप, म्हणजे अक्षराला ११ बिट. सेकंदाला ८७२ अक्षरं. एक्स, वाय, झेड असलेली एक ओळ धरा २३ अक्षरांची, म्हणजे सेकंदाला ३८ ओळी. कॅमने (प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ०.१ मिमीचे तुकडे पाडले असतील तर सेकंदाला ३.८ मिमी, मिनिटाला २२८. तुम्ही प्रोग्रॅममध्ये एफ १५००, म्हणजे मिनिटाला १५०० मिमी, लिहिलंय. मशीन पुढची ओळ येईपर्यंत थांबतं, ओळ आली की धावतं, परत थांबतं, आणि त्या थांबण्याच्या खुणा मोल्डवर दिसतात.

केबलपासून सुरुवात करा. बॉड १९,२०० करून बघा, आरएस-२३२ ची केबल १५ मीटरच्या आत ठेवा. कॅममध्ये टॉलरन्स थोडा वाढवून आर्क फिल्टर (छोट्या रेघांऐवजी कमानी टाकणारा) लावा, ओळी निम्म्या होतात. जमलं तर मेमरी वाढवा किंवा कार्डवरून चालवायची सोय असेल तर ती. आणि हो, मशीन चालू असताना आरएस-२३२ ची पिन काढू-घालू नका, लॅपटॉपचा चार्जर आणि मशीनची अर्थिंग यांच्यातल्या फरकाने पोर्टची चिप जाते. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून जोडा.

कॅन बस कुठे बसते?

गाड्यांमधली ती. बॉशने १९८६ मध्ये आणलेली, १ मेगाबिटला ४० मीटर, एका निरोपात ८ बाइट. नॉइजला भारी. बॅटरीवरच्या गाड्या, एजीव्ही (कारखान्यातल्या बिनड्रायव्हरच्या गाड्या), लिफ्टमधले कंट्रोल इथे कॅनओपन (कॅनवर बोलायची भाषा) खूप दिसतं. सीएनसीला आता कमी. तपासायची युक्ती, सगळं बंद करून दोन वायरींमध्ये ओहम मोजा, ६० आले पाहिजेत. १२० आले तर एका टोकाचा टर्मिनेटर नाही, ४० आले तर कोणीतरी तिसरा लावलाय.

इथरकॅट घेऊ का? सगळे म्हणतायत पुढचं तेच.

नवीन मशीन बनवत असाल, चार किंवा जास्त सर्व्हो असतील, तर होय, विचार करा. बेकहॉफने २००३ मध्ये आणलं. आयडिया सुंदर आहे. एकच फ्रेम निघते आणि आगगाडीसारखी प्रत्येक ड्राइव्हमधून जाते, पण गाडी थांबत नाही, चालत्या गाडीत ड्राइव्ह आपला डबा उतरवून घेतो आणि उत्तर चढवतो. शेवटून गाडी परत येते. त्यामुळे १०० ॲक्सिस १०० मायक्रोसेकंदात होतात असं ते सांगतात आणि ते खरंच होतं. वर डिस्ट्रिब्यूटेड क्लॉक, म्हणजे सगळ्या ड्राइव्हची घड्याळं एक मायक्रोसेकंदाच्या आत जुळलेली. सुरुवातीला म्हणालो ना, तिसरं खोकं, ते हे. इथे पल्सच नाहीत. दर मिलिसेकंदाला ड्राइव्हला नवीन पोझिशन मिळते आणि तो तिथे नेमका त्याच क्षणी पोचतो.

वायरिंगचा फरक बघितल्याशिवाय कळत नाही. पल्सच्या सर्व्होला ५० पिनांचा कनेक्टर, त्यातल्या पंधरा-वीस वायरी सोल्डर करायच्या, प्रत्येक ड्राइव्हला. इथरकॅटला ड्राइव्हमधून ड्राइव्हमध्ये एकेक छोटी पॅच केबल. ॲब्सोल्यूट एनकोडर असेल तर होमिंग (चालू केल्यावर शून्याची जागा शोधणं) पण नको, लाइट गेली आली तरी मशीनला आपण कुठे आहोत ते माहीत असतं. अलार्म नंबर सरळ स्क्रीनवर.

आता दुखणी. ड्राइव्ह महाग. सेटिंगला डोकं लागतं, ईएसआय फाइल (ड्राइव्हची ओळख सांगणारी), पीडीओ मॅपिंग (दर फेरीला कुठले आकडे जायचे ते ठरवणं), आणि सीआयए ४०२ (ड्राइव्हने कसं वागायचं त्याचं) स्टँडर्ड म्हणून सगळे छापतात पण होमिंगच्या पद्धती आणि युनिटमध्ये प्रत्येकाचं थोडं वेगळं. लिनक्ससीएनसीबरोबर इथरलॅबचा मास्टर (इथरकॅट चालवणारं सॉफ्टवेअर) लावून चालतं, मी दोन मशीनी केल्यात, पहिलीला तीन आठवडे गेले, दुसरीला चार दिवस. मधे साधा स्विच लावायचा नाही. इन आणि आउट पोर्ट उलटे लावले तर कधी कधी चालल्यासारखं दिसतं आणि मग भलतंच वागतं. आणि मधला एक ड्राइव्ह गेला की त्याच्या पुढचे सगळे गेले.

दोन-तीन स्टेपरच्या राउटरला इथरकॅट म्हणजे कोपऱ्यावरच्या किराण्याला जायला व्हॉल्वो बुक करणं.

पीएलसीलाही आरजे-४५ (लॅनचा सॉकेट) आहे, सर्व्होलाही आहे. केबल लावली की झालं ना?

हा गैरसमज फार महाग पडतो. सॉकेट सारखा, भाषा वेगळी. इथरकॅट, प्रोफिनेट, इथरनेट/आयपी, मॉडबस टीसीपी, चौघांनाही तोच सॉकेट. सीमेन्सचा पीएलसी बहुतेक प्रोफिनेट बोलणार, रॉकवेलचा इथरनेट/आयपी. ऑर्डरच्या आधी ड्राइव्हच्या मॉडेल नंबरमधली शेवटची अक्षरं बघा, त्यातच कुठली भाषा ते असतं, एक अक्षर चुकलं की ड्राइव्ह परत. आणि काही ड्राइव्हवर आरजे-४५ दिसतो पण आत आरएस-४८५ असतं! त्यात लॅनची केबल घालून स्विचला लावलेली मी पाहिलीय.

जुन्या मशीनचे ड्राइव्ह चांगले आहेत, ±१० व्होल्टवाले (व्होल्टेजने वेग सांगायचे). ते ठेवू का?

ठेवा. मोटर, ड्राइव्ह ठणठणीत असतील तर नुसता कंट्रोल बदलायचा, ±१० व्होल्ट आउटपुट आणि एनकोडर इनपुट असलेलं कार्ड घ्यायचं. इथे पोझिशनचा लूप कंट्रोलमध्येच बंद होतो त्यामुळे वर सांगितलेली बफरवाली कार्डं बाद, दर मिलिसेकंदाला बोलणारंच हवं. एनकोडरची वायर डिफरन्शियल आणि शिल्डेडच. पहिल्यांदा चालू करताना बेल्ट किंवा कपलिंग काढून ठेवा, दिशा उलटी असेल तर मोटर सुसाट सुटते.

इमर्जन्सी स्टॉप पण त्याच केबलवर टाकला तर?

नाही. कुठलीही केबल असो. लाल बटण एनसी कॉन्टॅक्टने (न दाबता जोडलेला, दाबलं की तुटणारा) सेफ्टी रिलेला, रिले कॉन्टॅक्टरला किंवा ड्राइव्हच्या एसटीओ इनपुटला (मोटरची ताकद तोडणारं). कॉम्प्युटरला फक्त एक जास्तीची वायर, 'बटण दाबलंय' एवढं कळायला. इथरकॅटवर सेफ्टीचा वेगळा सर्टिफाइड प्रकार आहे, एफएसओई, पण त्याला त्या जातीचे ड्राइव्ह आणि सेफ्टी कंट्रोलर लागतात, आपल्या नेहमीच्या केबलवर एक बिट पाठवला म्हणजे सेफ्टी झाली असं नाही.

रास्पबेरी पायवर (छोटा एका बोर्डचा कॉम्प्युटर) चालेल का?

पाय ४ किंवा ५ वर मेसाचं इथरनेट कार्ड चालतं. पाय ३ नको, त्याचं लॅन पोर्ट आतून यूएसबीवरच टांगलेलं आहे, म्हणजे फिरून तिथेच. एसपीआयने (चिपांमधली जवळची जोडणी) जोडायची कार्डं पण आहेत, तीही चांगली, फक्त केबल काही इंचांचीच ठेवायची. स्क्रीनवर टूलपाथ फिरवायला पाय जरा रडतो आणि एसडी कार्ड लाइट गेल्यावर मरतं. यूपीएस घ्या.

पावसाळ्यात कनेक्शन लूज होतात, काय करायचं?

आरजे-४५ ची प्लास्टिकची क्लिप तुटली की केबल लगेच बदला, टेप लावू नका. मशीनवर जिथे कूलंट उडतो तिथे एम१२ कनेक्टर (फिरवून आवळायचा गोल). पॅनलचे ग्लँड (केबल आत घ्यायच्या घट्ट बुचा) खालच्या बाजूला, न वापरलेली भोकं बंद. ती भोकं बंद करायचं दुसरं कारण उंदीर. दोन वर्षांपूर्वी एका पॅनलमध्ये इथरकॅटची केबल अर्धी खाल्लेली निघाली, चारपैकी एक जोडी तेवढी तुटलेली, आणि आम्ही आठवडाभर ड्राइव्हचे पॅरामीटर बदलत होतो.

तुमच्या स्वतःच्या राउटरवर काय आहे?

हसू नका. पॅरलल पोर्ट. २०११ मध्ये लावलेला, लेटन्सी १४ मायक्रोसेकंद, अजून चालतोय. त्याच मॉडेलचे दोन मदरबोर्ड भंगारवाल्याकडून उचलून माळ्यावर ठेवलेत, एक मागच्या पावसाळ्यात कामाला आला. राहिलेला गेला की मग इथरनेट.